वेशीपलीकडचा मुलूख

गावाची वेस ओलांडली की मुलूख बदलतो, असे आपण म्हणतो. परंतु वेशीपाशी कोणी आपणांस अडवून, 'जरा थांबा, पुढचा मुलूख अजून तयार व्हावयाचा आहे,' असे सांगत नाही. एका देशात मात्र नेमके असेच घडत असे. त्या देशाचे नाव नॉराथ. पृथ्वीच्या नकाशावर तो शोधून सापडावयाचा नाही, कारण तो संगणकाच्या पोटात वसलेला आहे.

16 मार्च 1999 रोजी 'एव्हरक्वेस्ट' नावाचा खेळ अमेरिकेत खेळाडूंसाठी खुला झाला. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे तो तयार झाला होता. या खेळात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी वनवासी वैदू. दूरदूरच्या घरांत बसलेले हजारो लोक दूरध्वनीच्या तारांवरून एकाच वेळी त्या जगात उतरत व एकमेकांना भेटत. बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो, तसा हा खेळ संपत नाही. खेळाडू झोपी गेला तरी नॉराथमध्ये सूर्य उगवतो आणि मावळतो. तेथील एक अहोरात्र आपल्या घड्याळाच्या अवघ्या 72 मिनिटांचे असते.

अशी जगे त्यापूर्वीही होती. 1978 साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने असा पहिला खेळ लिहावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढविला. त्यात चित्र मुळीच नव्हते. पडद्यावर एका स्थळाचे वर्णन उमटे, 'उत्तर' असे टंकलिखित केले की पुढच्या स्थळाचे वर्णन येई. चार ओळींचे वर्णन, तेवढीच जागा! नॉराथचे वैशिष्ट्य हे की तेथे खेळाडूला डोंगर, नदी, गवत आणि समोरून येणारा वाटसरू हे सारे आपल्या पात्राच्या डोळ्यांनी पाहता येई.

अडचण निर्माण झाली ती यातूनच. त्या काळी बहुतेक घरगुती संगणकांची स्मृती 32 किंवा 64 मेगाबाइट एवढीच असे. आज भ्रमणध्वनीवर काढलेली आठ-दहा छायाचित्रे तेवढी जागा सहज व्यापतील. एवढ्याशा स्मृतीत अवघा देश मावणार कसा? म्हणून रचनाकारांनी नॉराथचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला खेळाडू 'झोन' म्हणत, आपण त्याला प्रदेश म्हणू. एका वेळी एकच प्रदेश संगणकाच्या स्मृतीत राही. खेळाडू त्याच्या वेशीवर पोहोचला की पडदा गोठे, थांबण्याची सूचना उमटे आणि मग जुना प्रदेश पुसून नवा प्रदेश आणला जाई. या खोळंब्यात पुष्कळांनी चहाचे पेले रिकामे केले असतील!

खेळ चालविणाऱ्या दूरच्या संगणकांवरही अशीच वाटणी होती. प्रत्येक प्रदेशाचा कारभार एक स्वतंत्र आज्ञावली पाही आणि वेस ओलांडणाऱ्या खेळाडूला ती शेजारच्या आज्ञावलीच्या स्वाधीन करी. खेळाडू असा हातोहात पुढे जाई, पण त्या प्रदेशातील पशू आणि राक्षस मात्र तेथेच राहत. यातून एक चमत्कारिक प्रघात पडला. राक्षस पाठीस लागला की खेळाडू जिवाच्या आकांताने वेशीकडे धावे आणि ती ओलांडताच सुरक्षित होई. वाटेतले आणखी चार राक्षस मागे लागले तर त्या लांबलचक रांगेला 'ट्रेन' म्हणत. पळणाऱ्याने 'ट्रेन येत आहे' अशी आरोळी ठोकावी, हा शिष्टाचार मानला जाई. तो निसटला तरी चवताळलेले राक्षस वेशीजवळ निवांत बसलेल्या लोकांवर तुटून पडावयाचे. आपली सुटका दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये एवढी काळजी घेणारे खेळाडू तेव्हाही होते आणि न घेणारेही होते.

आता प्रश्न असा, की प्रदेश केवढा असावा? लहान प्रदेशात पाहण्याजोगे सारे हाताशी असते, परंतु थोडे चालताच वेस लागते. मोठ्या प्रदेशात क्षितिज दिसते, पण पाय दुखेपर्यंत चालले तरी गवताखेरीज काही भेटेल याचा भरवसा नसतो. नॉराथमध्ये दोन्ही प्रकार होते. बऱ्याच प्रदेशांच्या कडांना चढता न येणारे कडे उभे करून त्यांत जाण्यायेण्यापुरती खिंड ठेवलेली असे. कराना नावाची मैदाने त्या मानाने अफाट होती आणि तरीही तीन-चार तुकड्यांत विभागलेली होती. कागदावर मोजले तर नॉराथ काही फार मोठा देश नव्हता. तरी तेथे राहिलेली माणसे तो प्रचंड असल्याचे सांगतात. असे का, हे समजण्यासाठी तेथील एक प्रवास पाहू.

अँटोनिका खंडाच्या पश्चिम टोकाला कीनोस हे शहर आहे. रोमन लिपीत हे नाव लिहून उलटे वाचले, तर त्यात खेळाच्या मालक कंपनीचे 'सोनी' हे नाव आणि खेळाच्या नावाची दोन आद्याक्षरे सापडतात. रचनाकारांची ही गंमत! खंडाच्या पूर्व टोकाला फ्रीपोर्ट हे बंदर आहे. मधे टेकड्या, करानाची मैदाने, हायपासची खिंड, किथिकोरचे अरण्य आणि कॉमनलँड्सची माळराने, असे एकूण आठ प्रदेश लागतात. नवख्या खेळाडूचा मित्र दुसऱ्या टोकाला असला, तर त्याने काय करावे? त्याने चालावे.

नकाशा खेळात दिलेलाच नव्हता. ज्याने त्याने कागदपेन्सिल घेऊन स्वतःचा नकाशा काढावयाचा, किंवा दुसऱ्याने काढलेला मागून घ्यावयाचा. इतकेच नव्हे, तर दिशा ओळखणे हीसुद्धा शिकावयाची एक विद्या होती. ती न शिकलेल्या पात्राने दिशा विचारली तर आपले तोंड कोणीकडे आहे याची त्याला काहीच कल्पना नाही, असे उत्तर मिळे. मानवजातीच्या पात्रांना रात्री जवळजवळ काहीच दिसत नसे. मशालीसारखे एखादे उजेडाचे साधन जवळ नसेल, तर अंधारात कड्याची भिंत चाचपीत पुढे सरकावे लागे.

या साऱ्यांहून कठीण होते ते मरण. वाटेत मरण आले तर पात्र आपल्या नेमून घेतलेल्या ठिकाणी पुन्हा जागे होई, परंतु त्याची शस्त्रे, कपडे आणि शिदोरी मेल्या ठिकाणी प्रेतापाशीच राहत. योद्ध्याला असे ठिकाण केवळ शहरांतच नेमून घेता येई. म्हणजे कीनोसच्या योद्ध्याचा किथिकोरमध्ये अंत झाला, तर त्याने कीनोसमधून निःशस्त्र निघून पुन्हा तोच पल्ला तुडवावयाचा आणि आपले सामान सोडवून आणावयाचे. ठरावीक मुदतीत ते आणले नाही, तर प्रेतासह सारे नाहीसे होई.

आणि किथिकोरचे अरण्य तर असे, की दिवसा ते इतर रानांसारखेच भासे, पण रात्र पडताच तेथे प्रेतांची फौज उठे. तिच्यापुढे नवख्याचा निभाव लागणे शक्यच नव्हते. म्हणून शहाणे प्रवासी सायंकाळी अरण्याच्या वेशीपाशी थांबत. एकेक करून पाच-सात जण जमत. कोणी दुसऱ्याच्या जखमा मंत्राने भरून काढी, कोणी सर्वांना शीघ्र धावण्याचा मंत्र देई. गप्पांत रात्र सरे आणि उजाडताच सारे एकदम धावत सुटत. त्या अरण्याला क्षेत्रफळ होतेच, पण प्रवाशांनी ते मापले भयाने आणि वाट पाहण्याने. अशा रीतीने फ्रीपोर्टला पोहोचलेल्या खेळाडूला आपण खंड ओलांडल्याचे वाटे, आणि ते खोटे नव्हते.

काही वाचक विचारतील, की यात स्वातंत्र्य ते कोठे? प्रत्येक पावलाला तर बंधन! शंका रास्त आहे. पण नवख्याला फ्रीपोर्टला जाण्यास कोणी मनाई केली नव्हती. 'तुझी योग्यता अजून नाही' म्हणून खिंडीचे दार लावलेले नव्हते. जावे की न जावे, दिवसा जावे की रात्री, एकट्याने की सोबतीने, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आणि चुकीची किंमतही त्यानेच द्यावयाची. मला तरी हे स्वातंत्र्य, दार उघडे पण आत सारे सपाट, अशा स्वातंत्र्याहून मोठे वाटते.

वर उल्लेखिलेल्या बार्टल यांनी 1996 साली एक लेख लिहून अशा खेळांतील खेळाडूंचे पत्त्यांच्या चार रंगांप्रमाणे चार वर्ग सांगितले. संपत्ती व पदव्या मिळविणारे ते चौकट, मैत्रीसाठी येणारे ते बदाम, दुसऱ्यांना सतावणारे ते किलवर, आणि जगाचा कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक. इंग्रजीत इस्पिकाला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ खणण्याची कुदळ असा होतो, म्हणून ही निवड! या इस्पिकांच्या मंडळीला बक्षीस नको असते. डोंगरामागे काय आहे एवढेच त्यांना कळावयास हवे असते.

ऑक्टोबर 2002 मध्ये नॉराथला एक नवी पुरवणी जोडण्यात आली. तीत एक मध्यवर्ती नगर होते आणि मुख्य शहरांजवळ मंतरलेली पुस्तके ठेवलेली होती. पुस्तकाला स्पर्श केला की खेळाडू त्या नगरात आणि तेथून दुसऱ्या कोणत्याही शहराजवळ क्षणार्धात पोहोचे. सोय मोठी झाली. कामधंदा आटोपून तासभर खेळावयास बसणाऱ्या माणसाचा तास आता चालण्यात जात नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु करानाच्या मैदानांतील वर्दळ ओसरली. जे मांत्रिक पैसे घेऊन प्रवाशांना दूरच्या प्रदेशी पोहोचवीत, त्यांचा धंदा बसला. किथिकोरच्या वेशीपाशी सकाळची वाट पाहणारे कोणी उरले नाही. एकही प्रदेश इंचभरसुद्धा लहान केलेला नव्हता. तरी देश आकसला, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार सुरू झाली.

मग वेशीच काढून टाकल्या तर? तसाही प्रयत्न झाला. 1999 सालीच आलेल्या 'ॲशेरॉन्स कॉल' या खेळात मैदानी मुलूख सलग होता. दूरची टेकडी दिसली की पडदा न गोठता तिच्यापर्यंत जाता येई. त्याचा विस्तार अवाढव्य होता, पण गावांच्या दरम्यान उजाड भूमीही तितकीच लांबवर पसरलेली होती.

23 नोव्हेंबर 2004 रोजी आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाने मधला मार्ग काढला. त्यातही प्रदेश आहेत, परंतु एका खंडात चालताना थांबावे लागत नाही. खेळाडू पुढे जात असता पुढचा मुलूख आधीच गुपचूप स्मृतीत आणला जातो आणि मागचा सोडून दिला जातो. नव्या जागी पाऊल पडले की तिचे नाव पडद्यावर झळकते, नकाशाचा झाकलेला भाग उघडतो आणि थोडे अनुभवाचे गुणही मिळतात. भाड्याच्या गरुडसिंहावर बसून लांबचा प्रवास करता येई, पण मूळ नियम असा, की ज्या तळावर उतरावयाचे तेथे आधी एकदा स्वतःच्या पायांनी पोहोचलेले असले पाहिजे. हा नियम ज्याने योजला तो प्रवासाचा मर्म जाणणारा असला पाहिजे.

या आकाशमार्गावरून जाताना आयर्नफोर्ज शहराच्या वर बर्फात एक विमानतळ दिसे. तेथे जाणारी वाट मात्र नव्हती. झाले! इस्पिकांची मंडळी कड्यावर उड्या मारीत, एकेक बोटभर आधार शोधीत वर चढू लागली आणि पोहोचली. तेथे ना खजिना होता, ना शाबासकी.

2007 साली खेळाडूंना स्वतःची उडणारी वाहने मिळाली, पण ती केवळ आउटलँड या नव्या मुलखापुरती. जुन्या खंडांवर उडता येईना, कारण ते वरून पाहण्यासाठी बांधलेलेच नव्हते. नाटकातील पडद्यामागे जसे बांबू आणि दोऱ्या असतात, तसे कित्येक डोंगरांमागे काहीच नव्हते. 2010 साली ते खंड नव्याने घडविले गेले आणि तेथेही उड्डाण सुरू झाले. मग दऱ्या, पूल, घाटातील वळणे या साऱ्यांवरून लोक सरळ रेषेत जाऊ लागले. म्हणून 2014 साली ड्रेनॉर नावाचा नवा मुलूख आणताना रचनाकारांनी तेथे उड्डाण ठेवले नाही, आणि 2015 च्या मे महिन्यात ते पुढेही मिळणार नसल्याचे सांगितले. खेळाडूंनी एवढा गहजब केला की पुढच्याच महिन्यात निर्णय बदलावा लागला. मात्र अट अशी घातली गेली, की आधी साऱ्या ड्रेनॉरचा कोपरान् कोपरा धुंडाळावा, तेथील इतर ठरावीक कामे पार पाडावीत, आणि मगच पंख मिळतील.

इकडे नॉराथच्या काही जुन्या रहिवाशांनी वेगळाच उद्योग आरंभिला. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट 1999' या नावाने जुने नॉराथ जसेच्या तसे पुन्हा उभे केले, आणि 2015 साली खेळाच्या मालकांनी त्यांना तसा लेखी करारही करून दिला. तेथे ती मंतरलेली पुस्तके नाहीत. मेलेल्याचे सामान प्रेतापाशीच राहते. कीनोसहून फ्रीपोर्टला निघालेला प्रवासी आठही प्रदेश पायी ओलांडतो, आणि किथिकोरपाशी पोहोचेपर्यंत अंधार पडला तर वेशीबाहेर बसून उजाडण्याची वाट पाहतो.