अमेरिकेतील शालेय लॅक्रॉसपटू आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या संधी : एक विवेचन

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता देण्यात आली. त्यांतील क्रिकेटच्या समावेशाचे आपल्याकडे मोठे स्वागत झाले, आणि ते स्वाभाविकच होते. त्याच यादीतील लॅक्रॉस या नावाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलत, फेकत गोल करण्याचा हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांचा, विशेषतः हॉडेनोशोनी राष्ट्रसंघाचा. त्यांच्या दृष्टीने तो आजही एक धार्मिक विधी आहे. अमेरिकेतील मध्यमवर्गीय व उच्चवर्गीय कुटुंबांत मात्र या खेळाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे, तो म्हणजे नामवंत महाविद्यालयाच्या दारातून आत जाण्याचा एक मार्ग. हा मार्ग प्रत्यक्षात किती रुंद आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आकडेवारीचे स्वरूप

अमेरिकेत शालेय पातळीवर लॅक्रॉस खेळणाऱ्या मुलांची संख्या एक लाखाहून अधिक असून मुलींची संख्याही एक लाखाच्या आसपास आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजेच एनसीएएच्या, गणनेनुसार यांपैकी सुमारे १२ ते १३ टक्के खेळाडू तिच्या सदस्य महाविद्यालयांच्या संघांत स्थान मिळवितात. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांत हेच प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या घरात आहे. या तुलनेवरून लॅक्रॉस हा 'सोपा' खेळ आहे, असा समज पालकांत रूढ झाला. तो अर्धवट आहे. एनसीएएचे तीन विभाग असून सर्वांत वरच्या पहिल्या विभागात पोहोचणारे मुलगे शंभरांत केवळ तीनच्या आसपास आणि मुली चारच्या आसपास असतात. मुलग्यांना मिळणाऱ्या एकूण जागांपैकी निम्म्याहून अधिक जागा तिसऱ्या विभागात आहेत आणि त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास नियमानेच मनाई आहे.

मुलींच्या संधी किंचित अधिक असण्याचे कारण खेळात नसून कायद्यात आहे. १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदास प्रतिबंध केला. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघातच शंभराच्या आसपास मुलगे सामावतात. तो तोल सांभाळण्यासाठी अनेक विद्यापीठांनी मुलींचे लॅक्रॉस संघ सुरू केले. परिणामी पहिल्या विभागात मुलींचे संघ मुलग्यांच्या संघांपेक्षा बरेच अधिक आहेत.

शिष्यवृत्तीचे अपूर्णांक

'लॅक्रॉसमुळे शिष्यवृत्ती मिळाली' असे एखाद्या घरी ऐकू आले, की ऐकणाऱ्याच्या मनात संपूर्ण शुल्कमाफीचे चित्र उभे राहते. वस्तुस्थिती वेगळी होती. २०२५ पर्यंत पहिल्या विभागातील मुलग्यांच्या संघास १२.६ आणि मुलींच्या संघास १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. त्या अनेकांत विभागून देण्याची मुभा प्रशिक्षकास असे. संघात ४८ मुलगे आहेत आणि रक्कम सर्वांत सारखी वाटली आहे असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे पाव शिष्यवृत्ती येते. प्रत्यक्षात वाटणी समान नसे. नामांकित खेळाडूस मोठा वाटा मिळे आणि कित्येकांच्या हाती काहीच पडत नसे. शिवाय अनेक विद्यापीठे मर्यादेइतका निधीही देत नसत. क्लबचे शुल्क, उन्हाळी स्पर्धांचा प्रवास, निवासी शिबिरे यांवर एखाद्या कुटुंबाने अनेक वर्षे केलेला खर्च शेवटी मिळालेल्या रकमेहून अधिक भरावा, हे यात अनपेक्षित नाही.

असे असूनही पालक खर्च करतात, कारण त्यांचे लक्ष पैशापेक्षा प्रवेशाकडे असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसह आयव्ही लीगमधील आठही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. परंतु प्रशिक्षकाने नाव सुचविलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जाचे वजन वाढते. त्याचे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाकडे आधीच पाहण्यासाठी दिले जाते, आणि शैक्षणिक निर्देशांकाची अट सांभाळून प्रशिक्षक मोजक्याच नावांसाठी शब्द टाकू शकतो. आपल्याकडील क्रीडा सवलतीचे गुण शासननिर्णयाने ठरतात व सर्वांना वाचता येतात. तेथील ही सवलत एका प्रशिक्षकाच्या यादीत असते. दोहोंपैकी अधिक न्याय्य कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण जाहीर नियमही सर्वांच्या आवाक्यातले असतातच असे नाही.

१ सप्टेंबरची सीमारेषा

२०१७ पूर्वी या क्षेत्रात एक विचित्र घाई माजली होती. आठवी-नववीतील, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुले विद्यापीठांना तोंडी होकार देत असत. ज्याची उंची अद्याप वाढायची आहे, अभ्यासातील कल स्पष्ट व्हायचा आहे, त्याच्या चार-पाच वर्षांनंतरच्या शिक्षणाचा निर्णय अशा रीतीने होत असे. हे शब्द कोणत्याही पक्षावर बंधनकारक नव्हते. प्रशिक्षक बदलला की शब्दही विरे. अखेर खुद्द लॅक्रॉस प्रशिक्षकांच्या संघटनांनीच नियमाचा आग्रह धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये एनसीएएने तो संमत केला. त्यानुसार पहिल्या विभागातील प्रशिक्षकास विद्यार्थी अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबरपूर्वी त्याच्याशी भरतीविषयक बोलणे करता येत नाही. विद्यार्थ्याने स्वतः दूरध्वनी केला तरी नाही.

नियमाने घाई थांबली, पण वयाचा खेळ थांबला नाही. काही पालक मुलास मुद्दाम एक इयत्ता पुन्हा करावयास लावतात अथवा बारावीनंतर खासगी निवासी शाळेत एक जादा वर्ष घालवितात, जेणेकरून त्या वर्गात तो थोरला व दणकट दिसावा. आपल्याकडे ज्या गोष्टीस नापासाचा शिक्का बसतो, ती तेथे शुल्क भरून घेतली जाते. हे वर्ष परवडणारे घर कोणते, हे निराळे सांगावयास नको. ज्यांच्या पूर्वजांनी हा खेळ जगास दिला, त्या समाजातील मुलांस ही वाट क्वचितच लाभते. ऑनोन्डागा वसतीत वाढलेल्या लाइल व माइल्स थॉम्पसन या बंधूंनी ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळताना २०१४ चा सर्वोच्च टेवाराटन पुरस्कार विभागून मिळविला, तेव्हा तो प्राप्त करणारे ते पहिले मूळनिवासी खेळाडू ठरले. पुरस्काराचे नाव मात्र आरंभापासून मोहॉक भाषेतलेच आहे.

२०२५ नंतरचे चित्र

६ जून २०२५ रोजी 'हाउस विरुद्ध एनसीएए' या खटल्यातील तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली आणि गणितच बदलले. तडजोडीत सहभागी झालेल्या विद्यापीठांपुरती शिष्यवृत्त्यांची संख्यामर्यादा उठली व तिच्या जागी संघसंख्येची मर्यादा आली : मुलग्यांसाठी ४८, मुलींसाठी ३८. कागदावर ४८ जणांस पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. परंतु त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची वाट मोकळी केली आणि तो पैसा प्रामुख्याने फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळणार, हे उघड आहे. लॅक्रॉससाठी निधी वाढेलच असे नाही. संघाचे दार मात्र निश्चितपणे अरुंद झाले. पूर्वी पन्नासावा-बावन्नावा म्हणून, शिष्यवृत्तीविना, केवळ आवडीने संघात राहणाऱ्या विद्यार्थ्यास अशा विद्यापीठांत आता जागा उरलेली नाही.

दुसरी स्पर्धा वरच्या बाजूने येते. ऑक्टोबर २०१८ पासून विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी-व्यवस्था सुरू झाली. २०२० चा हंगाम महामारीमुळे मध्येच रद्द होऊन खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले, तेव्हा तिचे महत्त्व विशेष जाणवले. सतरा वर्षांच्या होतकरू मुलापेक्षा दोन हंगाम खेळलेला एकवीस वर्षांचा अनुभवी खेळाडू प्रशिक्षकास अधिक भरवशाचा वाटतो.

अशा स्थितीत तिसऱ्या विभागाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलावयास हवा, असे मला वाटते. टफ्ट्ससारख्या संस्थेत किंवा मिडलबरी, विल्यम्स यांसारख्या लहान महाविद्यालयांत उत्तम शिक्षण व उत्तम लॅक्रॉस ही दोन्ही मिळतात. आर्थिक मदत कुटुंबाच्या गरजेनुसार ठरते, आणि गुडघा दुखावून खेळ सुटला तरी ती मदत बंद होत नाही. पहिल्या विभागात पात्र ठरण्यासाठीही १६ मूलभूत विषयांत किमान २.३ सरासरी लागतेच. त्यामुळे प्रशिक्षकाशी पहिल्या भेटीत विद्यार्थ्याने विचारावयाचे प्रश्न अगदी साधे आहेत : माझ्या जागेवर सध्या किती जण खेळतात, त्यांपैकी किती जण केव्हा बाहेर पडतील, आणि मी एकही सामना खेळलो नाही तरी या महाविद्यालयात शिकणे मला परवडेल काय?