कविता वाचावी की ऐकावी?

प्रश्न साधा आहे. कविता मोबाइलवर ऐकली म्हणजे ती वाचल्यासारखीच झाली का?

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. बोरी अरबचे शंकर बडे वऱ्हाडीत कविता लिहायचे आणि मंचावरून ऐकवायचे. त्यांची कविता वर्गात द्यायचो, तेव्हा बाहेरगावची मुलं अडखळायची. शब्द कळायचे, हेल सापडायचा नाही. देवनागरी अक्षरं दाखवते. स्वर कुठं लांबवायचा, कुठं थांबायचं, हे दाखवत नाही. बडे २०१६ साली गेले. पण त्यांचं ध्वनिमुद्रण लावलं की तीच मुलं हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांचे शब्द कागदावर उतरवले गेले म्हणून वाचले; ‘मानिनी’ (१९६१) चित्रपटातल्या गाण्यांतून ते घरोघरी गेले. पण बहिणाबाईंचा स्वतःचा हेल आपल्याला कुठं ऐकायला मिळतो?

म्हणजे ध्वनिमुद्रणानं लाभच झाला म्हणायचं? थांबा. दुसरी बाजू पाहू.

१९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. त्यांचं ‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. छप्पन्न गीतं, वेगवेगळे गायक. पुढे सुधीर फडक्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं इतकी रुजली, की आज पुस्तक उघडलं तरी मला बाबूजीच ऐकू येतात. माझ्या मनातली सीता माझ्या स्वरात बोलतच नाही! छापील कवितेत एक मोकळी जागा असते, ती वाचणाऱ्यानं भरायची. ध्वनिमुद्रणात ती आधीच भरलेली येते. चित्रफितीत तर चेहराही ठरलेला, आणि कुठं हसायचं तेही समोरचे श्रोते सांगून टाकतात.

वाल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंतानं १९३६ च्या निबंधात म्हटलं होतं, की प्रतिकृतीत कलाकृतीचं ‘इथं आणि आत्ता’ असणं हरवतं. मैफलीत कवी श्रोत्यांकडे पाहून थांबतो, ओळ पुन्हा म्हणतो. फितीतला कवी तुमच्यासाठी थांबत नाही.

मग करायचं काय? माझा नेम असा: बोलीतली कविता आधी ऐकावी, कारण तिचं घर आवाजात आहे. बाकीची आधी स्वतः मोठ्यानं वाचावी, चुकतमाकत का होईना, आणि मग दुसऱ्याकडून ऐकावी. ऐकून झालं की फीत बंद करून पुन्हा एकदा वाचावी. तेव्हा स्वतःचा आवाज ऐकू आला, तर ती कविता तुमची झाली.