नायिकेला न मिळालेला हशा

मराठी रंगभूमीने स्त्रीचे रूप आणि स्त्रीचा विनोद फार पूर्वीपासून वेगवेगळ्या पात्रांच्या हवाली केले असून, विनोदी अभिनेत्रीच्या देखणेपणाविषयी प्रेक्षक आज जी मते सहज बोलून दाखवतात, त्यांचे मूळ या वाटणीत शोधावे लागते. तमाशातील गवळणीत, म्हणजे गणानंतर येणाऱ्या आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण वाटेत अडवतो त्या भागात, गौळणी नटूनथटून उभ्या असतात आणि प्रेक्षकांची नजर त्यांच्या रूपावर व नाचावर खिळलेली असते. परंतु कृष्णाला आणि त्याचा सवंगडी पेंद्या याला तोडीस तोड उत्तरे देऊन हशा पिकवण्याचे काम मावशीकडे असते, आणि ही मावशी परंपरेने पुरुष असतो. डोक्यावरून पदर ओढून, कमरेवर हात ठेवून मुरकणारा हा नट बायकांच्या वतीने सर्वांत चुरचुरीत बोलतो, तर ज्यांच्या वतीने तो बोलतो त्या गौळणी बहुतेक वेळ मागे ओळीने उभ्या राहतात.

चित्रपटांनी ही वाटणी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. ‘सोंगाड्या’ (१९७१) मध्ये हशा दादा कोंडके यांचा आणि रूप उषा चव्हाण यांचे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मध्ये तर लुगडे-साडीतला विनोदही लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगावकर यांच्याकडे गेला, नायिकांकडे गेला नाही. स्त्रीपात्रांपैकी हशा वसूल केला तो नयनतारा यांच्या घरमालकीण लीलाबाई काळभोर यांनी, कारण उतारवयाच्या बाईकडे प्रेक्षक नायिका म्हणून पाहतच नाहीत.

छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण याहून बोलके आहे. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत असत. त्यांत बायका होत्या, पोरे होती, म्हातारेही होते, आणि एकाच देहातून हे सगळे गणगोत बाहेर पडताना पाहून मराठवाडा हसून लोटपोट होई. ही दाद देताना देशपांडे देखणे आहेत की नाहीत, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे, कारण पुरुषाचा विनोद हे त्याचे कसब मानले जाते. हेच काम बाईने केले की कसबाआधी तिचा बांधा आणि चेहरा मोजला जातो.

मानसशास्त्रज्ञांनी या विषमतेचा अभ्यास केलेला आहे. एरिक ब्रेसलर आणि सिगल बालशाइन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छायाचित्रांखाली कधी विनोदी, तर कधी साधी विधाने ठेवून ती विद्यार्थ्यांना दाखवली. विनोदी पुरुष जोडीदार म्हणून स्त्रियांना अधिक पसंत पडला, पण विनोदी स्त्रीला पुरुषांनी तशी जादा पसंती दिली नाही. त्याच वर्षी रॉड मार्टिन यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासातून असे दिसले की ‘विनोदबुद्धी असलेला जोडीदार’ हवा असे दोघेही म्हणत असले, तरी स्त्रियांना त्यातून विनोदनिर्मिती, म्हणजे हसवण्याची क्षमता, अपेक्षित असते आणि पुरुषांना बहुधा विनोदग्रहण, म्हणजे आपल्या विनोदावर हसणारी श्रोती. विदेशी विद्यार्थ्यांवरचे हे निष्कर्ष गावोगावच्या प्रेक्षकांना सरसकट लावता येणार नाहीत. मात्र विनोदी स्त्री कुरूप वाटते, असे त्यांतून निघत नाही, एवढे नीट ध्यानात घ्यावे. तिचे गुण कमी होत नाहीत, विनोदाचे वाढीव गुण तेवढे मिळत नाहीत.

मग ‘विनोदी म्हणजे बेढब’ हे समीकरण आले कोठून? ते बहुतांशी लेखकांनी घडवले. हिंदी चित्रपट ‘दर्द’ (१९४७) मधील गाण्याने गायिका म्हणून गाजलेल्या उमादेवी पुढे टुणटुण या नावाने पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने लठ्ठपणावरचे विनोद आले. त्यांचे विनोदाचे उत्तम टायमिंग दुय्यम ठरले. याउलट, पोहण्यात आणि सायकल शर्यतींत नाव कमावून ‘सीमा’ (१९५५) मध्ये झळकलेल्या शुभा खोटे यांनी मेहमूद यांच्यासोबत विनोद केला, तो दिसण्याची टवाळी न होऊ देता. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील वनिता खरात यांनी २०२१ च्या एका दिनदर्शिकेसाठी छायाचित्रकार तेजस नेरुरकर यांच्या कॅमेऱ्यासमोर, केवळ एका पतंगाच्या आडोशाने, निर्वस्त्र छायाचित्र काढू दिले. स्वतःच्या देहाविषयी संकोच नसल्याचे सांगणारे ते छायाचित्र चर्चेचा विषय झाले, कारण ज्या अंगकाठीवर हसण्याची सवय लागलेली होती, तिच्याकडे प्रेक्षकांना प्रथमच न हसता पाहावे लागले.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी प्रहसने लिहिणाऱ्या येथील तरुण लेखकांनी एवढे जरूर करून पाहावे: पुढच्या संहितेतील सर्वांत हुकमी हशाचे वाक्य नायिकेच्या तोंडी द्यावे, आणि त्यात तिच्या दिसण्याचा उल्लेखही नसावा.