एकच गोळी, दोन देशांत दोन आजार

मिल्नासिप्रान हे औषध फ्रान्सच्या पिअर फाब्र कंपनीचं. नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये त्याला नैराश्यावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेने २००९ च्या जानेवारीत परवानगी दिली, पण ती फायब्रोमायल्जियासाठी, म्हणजे अंगभर ठणकत राहणाऱ्या आणि तपासण्यांत काही न सापडणाऱ्या दुखण्यासाठी. नैराश्यासाठी तिथे ते मान्यच नाही. युरोपच्या औषध प्राधिकरणाने मात्र फायब्रोमायल्जियासाठीचाच अर्ज फेटाळला. या औषधात एकमेकांची प्रतिबिंबं असलेले दोन रेणू असतात. त्यांतला एक वेगळा काढून २०१३ मध्ये अमेरिकेत आणला, तेव्हा त्याला परवानगी मिळाली ती नैराश्यासाठी!

औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते. खोक्यावर छापलेला आजार हा रेणूचा गुणधर्म नसतो. कंपनीने कोणत्या रुग्णांवर चाचण्या घेतल्या, कशासाठी अर्ज केला आणि समोरच्यांना पुरावा किती पटला, याचा तो निकाल असतो.

नैराश्यावरच्या या औषधांच्या घराण्याची सुरुवातच मुळात भलत्या आजारापासून झाली. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर गायगी कंपनीचं ‘जी २२३५५’ नावाचं रसायन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. गुण येणं दूरच, काही जण जास्तच बिथरले. गायगीच्या चमूतले ॲलन ब्रॉडहर्स्ट पुढे सांगत, की एक रुग्ण तर झोपायच्या कपड्यांतच सायकलवर टांग मारून गाणं म्हणत शेजारच्या गावात पोचला. जे औषध माणसाला एवढं उसळवतं, ते खचलेल्याला उभं करील का? १९५६ मध्ये ते नैराश्याच्या रुग्णांना देण्यात आलं आणि इमिप्रामिन जन्माला आलं. पुढल्या वर्षी झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे मांडलं, तेव्हा सभागृहात जेमतेम डझनभर माणसं होती. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या रुग्णालयातल्या कित्येकांना आपल्यावर प्रयोग चालू आहे याची कल्पनाही दिलेली नव्हती, हे २०१९ मध्ये स्विस इतिहासकारांनी कागदपत्रांनिशी समोर आणलं. त्या माणसांचं ऋण आपल्यावर आहे.

१९६० मध्येच फ्रेंच डॉक्टरांनी इमिप्रामिन वेदनेवरही चालतं अशी नोंद केली. मन सुधारलं म्हणून दुखणं कमी जाणवत असेल, असं वाटणं साहजिक होतं. ही समजूत मोडली ती टोरांटोच्या पीटर वॉटसन यांनी. नागीण बरी झाल्यावरही मागे उरणारी आग त्यांनी इमिप्रामिनच्याच कुळातल्या अमिट्रिप्टिलिनने कमी करून दाखवली. १९८२ च्या त्या अभ्यासात बहुतेकांना आराम पडला तो मनःस्थितीत काही फरक न पडताच. मग अमेरिकेत मिचेल मॅक्स यांनी मधुमेहींच्या पायांच्या वेदनेवर काम केलं. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात अमिट्रिप्टिलिन आणि त्याच कुळातलं डेसिप्रामिन दोन्ही लागू पडली. फ्लुऑक्सेटिन, म्हणजे त्या काळी घराघरांत पोचलेलं प्रोझॅक, तुलनेसाठी दिलेल्या गोळीहून सरस ठरलं नाही. नैराश्य घालवणारं प्रत्येक औषध वेदना घालवत नाही, हे त्या दिवसापासून स्पष्ट झालं.

कारण मणक्यात आहे. मेंदूच्या बुंध्यातून मज्जारज्जूत उतरणारे काही चेतातंतू वर येणाऱ्या वेदनेच्या संदेशाला लगाम घालतात. त्या कामात नॉरॲड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनाचा वाटा मोठा. फ्लुऑक्सेटिन मुख्यतः सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकापुरतं काम करतं, म्हणून ते इथे तोकडं पडतं.

सगळ्यात नाट्यमय किस्सा ड्युलॉक्सेटिनचा. इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीत १९८० च्या दशकात ते तयार झालं, पण पहिल्या चाचण्यांत २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोस दिला गेला आणि नैराश्यात फरक दिसला नाही. काम मागे पडलं. दरम्यान कंपनीच्याच प्रोझॅकचं पेटंट संपायला आलं. वारसदार म्हणून आर-फ्लुऑक्सेटिन तयार होत होतं, पण मोठ्या डोसला हृदयाच्या आलेखात बदल दिसल्यामुळे २००० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये प्रोझॅकच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारात उतरल्या. याच काळात मागे पडलेलं ड्युलॉक्सेटिन मोठ्या डोसमध्ये पुन्हा तपासलं गेलं. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्याला नैराश्यासाठी परवानगी मिळाली आणि महिनाभरात मधुमेही चेतावेदनेसाठीही, म्हणजे मधुमेहाने चेतातंतू बिघडून होणाऱ्या वेदनेसाठी. त्या वेदनेसाठी अमेरिकेत मान्य झालेलं हे पहिलं औषध. त्याच वर्षी युरोपात खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याच्या त्रासासाठीही ते वेगळ्या नावाने मान्य झालं.

ड्युलॉक्सेटिनची कॅप्सूल उघडली तर आत खसखशीपेक्षा थोडे मोठे पांढरट दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर लेप असतो, कारण पोटातलं आम्ल या औषधाचा नाश करतं. म्हणून ती चावू नये, कुटू नये.

व्हेन्लाफॅक्सिन ड्युलॉक्सेटिनच्याच कुळातलं, १९९३ पासूनचं. कमी डोसला ते जवळजवळ सेरोटोनिनवरच चालतं. नॉरॲड्रेनॅलिनवर त्याचा जोर दिसतो तो साधारण १५० मिलिग्रॅमच्या पुढे, आणि तिथेच रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. ड्युलॉक्सेटिनला यकृत सांभाळावं लागतं, दारू पिणाऱ्याला ते शक्यतो देत नाहीत, आणि सुरुवातीचे काही दिवस मळमळतं. अमिट्रिप्टिलिन स्वस्त आणि जुनं. त्याने झोप येते, तोंड कोरडं पडतं, शौचास खडा होतो. हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर जपून.

मग सरस कोणतं? २०२३ च्या चाचण्यांचा एकत्रित ताळा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १७६ चाचण्या आणि २८ हजारांहून अधिक रुग्ण होते. दीर्घकालीन वेदनेसाठी सर्वांत भरवशाचा पुरावा ड्युलॉक्सेटिनचा निघाला, आणि ६० मिलिग्रॅमच्या वर जाऊन फारसा फायदा दिसला नाही. अमिट्रिप्टिलिनचा पुरावा त्या मानाने कच्चा ठरला. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत मधुमेही चेतावेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि नैराश्याच्या औषधांत न मोडणारं प्रीगॅबॅलिन यांच्यापैकी कशानेही सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे दुसऱ्याची जोड दिली, तरी वेदना सारखीच, जवळजवळ निम्म्यावर आली. माझं मत असं, की पहिलं औषध निवडताना क्रमवारीपेक्षा त्या माणसाचं यकृत, हृदय, रक्तदाब आणि झोप आधी पाहावी.

हे सगळं लिहायला बसले ते आमच्या इमारतीतल्या एका काकूंमुळे. मधुमेहाने तळपायांची आग होते म्हणून डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन लिहून दिलं. मुलाने मोबाइलवर नाव शोधलं तर पहिलाच शब्द ‘नैराश्य’. काकूंनी गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली. “म्हणजे डॉक्टरांना वाटतं मी सोंग करते,” त्या मला म्हणाल्या. आग चालूच राहिली. चिठ्ठी लिहिताना दोन वाक्यं बोलली गेली असती, तर हे टळलं असतं.

म्हणून डॉक्टरांना विनंती, चिठ्ठी हातात देताना ते औषध कशासाठी आहे हे तोंडाने सांगा. आणि वाचकहो, अशी गोळी लिहून मिळाली तर विचारा: ही वेदनेसाठी आहे का मनासाठी, गुण यायला किती आठवडे लागतील, माझ्या बाकीच्या गोळ्यांशी जमेल ना? ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा नैराश्याची दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि ही औषधं एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, बेचैनी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत आणा.