नवे नळ, पण माणूस तोच?

गुहागर, दापोली, मंडणगडची आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी म्युनिसिपालिटीच्या झाडूखात्यात लागले. म्हणून मुंबईच्या जमिनीखाली नवे नळ पडतात, तेव्हा त्याचा हिशेब गुहागरच्या वाडीतही मांडला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी मुंबईतील सात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचे भूमिपूजन केले. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा. एकूण क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. समुद्रात घाण जाऊ नये, याला आमचा विरोध कसा असेल? आमचा प्रश्न खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा आहे.

केंद्र वाढले की त्याला जोडणारे नळही वाढतात. खोल चर खणावे लागतात. टेकू नसले तर कडा कोसळते. त्याहून घातक घडी नवा नळ चालू गटाराला जोडण्याची. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाक बधिर होते आणि वासही येत नाही. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

कायदे नाहीत असे नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकी साफ करायला माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना १० लाख, तर २० ऑक्टोबर २०२३ रोजी ३० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तरी २०१९ मध्ये गोवंडीत सेप्टिक टाकीत मेलेल्या तिघांच्या विधवांना १० लाखांसाठी २०२१ मध्ये हायकोर्टाची पायरी चढावी लागली! भरपाई मेल्यावर मिळते; आम्हाला माणूस जिवंत हवा आहे.

"हे सफाईचे नव्हे, बांधकामाचे काम," असे म्हणून ठेकेदाराला हात झटकू देऊ नका. विषारी वायू असा भेद करीत नाही. जोडणीआधी प्रवाह वळवणे, वायू मोजणे, आत हवा सोडणे या अटी निविदेतच हव्यात. मजुराचे नाव हजेरीपटावर हवे आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कागदावर.

कोकणात जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत शोषखड्डा आणि विहीर शेजारीशेजारी असतात. उद्या गुहागरातही भुयारी गटाराची मागणी होईल, ती व्हावीच. पण नगरपंचायतीत ठराव येईल त्या दिवशी आपण पहिला प्रश्न विचारू : खाली कोण उतरणार? बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे जायला सांगितले ते जातीचा धंदा सुटावा म्हणून, तो जमिनीखाली पुरला जावा म्हणून नव्हे.