घरातील मधमाश्या आणि पाली : फवारणीपूर्वी ओळख हवी

वळचणीला मोहोळ लटकले किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाल दिसली, की घरात पहिला प्रश्न उमटतो, ‘काय फवारावे?’ विस्तार कार्यकर्त्यांनाही हाच प्रश्न वारंवार विचारला जातो. शेतासाठी आणलेले कीटकनाशक घरातच असते, पंप हाताशी असतो. त्यामुळे कृती चटकन होते आणि परिणाम मागाहून कळतात. पिकासाठीची औषधे राहत्या घरात वापरण्यासाठी नसतात. त्यांचे बाष्प लहान मुलांच्या श्वासात जाते, अंश भांड्यांवर व धान्यावर उतरतो. शिवाय ज्यांच्यावर ही फवारणी होते, ते दोन्ही जीव एरवी शेतकऱ्याच्या उपयोगाचे असतात. म्हणून उपाय ठरवण्याआधी ओळख पटवणे आवश्यक आहे.

माशी कोणती?

भारतातील घरांभोवती पुढील माश्या प्रामुख्याने आढळतात.

• आग्या माशी : आकाराने सर्वांत मोठी. उंच झाड, पाण्याची टाकी किंवा इमारतीच्या सज्जाखाली तिचे एकच मोठे, उघडे पोळे असते. ती डिवचली गेल्यास समूहाने हल्ला करते.
• फुलोरी माशी : झुडपाच्या फांदीवर किंवा खिडकीच्या गजांवर तळहाताएवढे एकच पोळे बांधते. स्वभावाने भित्री.
• सातेरी माशी : भिंतीची पोकळी, झाडाची ढोली अशा अंधाऱ्या जागी एकमेकांना समांतर अनेक पोळी बांधते. ही पेटीत पाळता येते.
• डंखरहित माशी : अगदी लहान व काळसर. भिंतीच्या छिद्राबाहेर मेण-डिंकाची छोटी नळी दिसते. ती डंख मारत नाही. तिला हात लावण्याची गरज नाही.
• भुंगा : एकटा राहतो, वासे व बांबू पोखरतो. नराला डंख नसतो, मादी क्वचितच डंख मारते.

पेट्यांमधून पाळली जाणारी मेलिफेरा माशी मूळची परदेशी असून, १९६२ मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे ती प्रथम यशस्वीपणे स्थिरावली. गांधीलमाशी या सर्वांहून वेगळी. तिचे घरटे कागदासारखे असते, त्यात मध नसतो आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

मोहोळाचे काय करावे?

झाडावर किंवा खांबावर अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसला आणि त्यात पोळे नसेल, तर तो बहुधा नव्या जागेच्या शोधात विसावलेला थवा असतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो आपणहून निघून जातो. तोवर मुले व जनावरे दूर ठेवावीत, एवढेच पुरे.

आग्या मोहोळ ये-जा नसलेल्या जागी असेल, तर ते तसेच राहू द्यावे. ही माशी स्थलांतर करणारी असल्याने हंगाम सरला की पोळे रिकामे होते. त्यानंतर पोळे काढून मेणाचा थर खरवडावा आणि जागा धुऊन घ्यावी. जुन्या मेणाच्या वासाने नवे थवे तेथे येतात. शाळा, जिना किंवा गोठ्याजवळचे मोहोळ मात्र प्रशिक्षित व्यक्तीकडूनच हलवावे. त्याला दगड मारणे, पेटता टेंभा लावणे किंवा त्यावर औषध फवारणे, हे तिन्ही प्रकार जीवघेणे ठरू शकतात.

भिंतीतील सातेरी वसाहत विषाने मारल्यास प्रश्न सुटत नाही, केवळ बदलतो. आत राहिलेला मध पाझरतो. मेणकिडे, मुंग्या व उंदीर येतात. शिवाय तो विषारी मध कोणी खाण्याचा धोका उरतो. जाणकार मधपाळ सायंकाळी हलका धूर देऊन अंड्या-अळ्यांची पोळी अलगद कापतात, केळीच्या सोपटाने चौकटींना बांधतात आणि राणीसह वसाहत पेटीत घेतात. त्यानंतर पोकळी स्वच्छ करून गिलाव्याने बुजवावी. अशा मधपाळाचा पत्ता जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून मिळू शकतो.

भुंग्याने केलेली छिद्रे आत कोणी नसल्याची खात्री करून लांबीने भरावीत व लाकडाला रंग द्यावा. बांधावर बांबूच्या कांड्यांची जुडी टांगल्यास त्याला पर्यायी जागा मिळते. वांग्याच्या फुलातील परागकण अंगाच्या थरथराटाने मोकळे करण्याचे काम भुंगा करतो, मधमाशीला ते साधत नाही.

उन्हाळ्यात नळाभोवती माश्या जमतात, त्या पाण्यासाठी. घरापासून दूर, उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे आणि गळका नळ दुरुस्त करावा. गूळ, काकवी व सरबताची भांडी झाकलेली असावीत.

डंख झाल्यास

हल्ला झाल्यास हात न झटकता, चेहरा झाकून सरळ धावत बंद घरात किंवा वाहनात शिरावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वरच घिरट्या घालतात. डंखाबरोबर सुटणारा गंध इतर माश्यांना चेतवतो, म्हणून तेथे रेंगाळू नये. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो व विष सोडत राहतो. तो नखाने, कसाही, पण तत्काळ काढावा. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चुना-तंबाखू लावण्यात वेळ घालवू नये. धाप, ओठ-जिभेला सूज, अंगभर गांधी किंवा चक्कर आल्यास एका डंखानंतरही रुग्णालय गाठावे. अनेक डंख झाले असतील, तर त्रासाची वाट पाहू नये.

पाल : भीती जास्त, धोका कमी

भारतात विषारी पालीची एकही जात नाही. तरीही पाल पडलेले अन्न टाकूनच द्यावे, कारण तिच्या विष्ठेत व अंगावर साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. दोष विषाचा नाही, अस्वच्छतेचा आहे. एरवी ही पाल रात्रभर डास, पतंग, झुरळे टिपत असते. धान्याच्या कोठीत घोंगावणारे पतंगही तिचे भक्ष्य होतात.

पाल येते ती किड्यांमागे आणि किडे येतात ते दिव्यामागे. म्हणून दारावरचा पांढरा प्रखर दिवा काढून पिवळसर मंद दिवा लावावा, खिडक्यांना जाळी बसवावी, दाराखालची फट बुजवावी. उष्टी भांडी रात्रीच घासावीत, अन्न व पाणी झाकावे. तसबिरी व कपाटांमागची जागा झाडून तेथील अंडी काढून टाकावीत. अंड्यांची टरफले लटकवण्यावर विसंबू नये. डांबराच्या गोळ्या मुलांना घातक ठरू शकतात. चिकट सापळ्यात पक्षी व अन्य निरुपद्रवी जीवही अडकतात.

शेतकऱ्याने विशेष जपावे ते पंपाच्या स्टार्टरपेटीला. उबेसाठी व किड्यांसाठी आत शिरलेली पाल संपर्कपट्ट्यांत अडकून स्टार्टर बिघडवते. मुख्य स्वीच बंद करूनच पेटी उघडावी. केबलची छिद्रे लांबीने बुजवावीत.

अंगणातला सरडा आणि सापसुरळी निरुपद्रवी आहेत. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये संरक्षित आहे. ती घरात शिरल्यास वनविभागाला कळवावे.

कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. भोपळ्यात नर व मादी फुले वेगवेगळी असतात. माशी आली नाही, तर कांद्याचे बी भरत नाही, भोपळा धरत नाही. वळचणीचे मोहोळ जाळताना हा हिशेब क्वचितच मांडला जातो. फवारणीचा पंप मागण्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला विस्तार कार्यकर्त्याने प्रथम एवढेच विचारावे : माशी कोणती, पोळे कोठे, आणि तेथून माणसांची ये-जा किती? या तीन उत्तरांनंतर पंपाची गरज बहुधा उरत नाही.