‘आमच्याकडे कुणी भेदभाव करत नाही’

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कुष्ठरोगाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. गावातले कार्यकर्ते ते बोलतात, शिक्षक बोलतात. शहरातून येऊन गेलेले पाहुणे तर आणखी पुढे जातात: आदिवासी समाज मोकळा, तिथे कलंक कसला? कशावरून म्हणता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. “आम्ही लोकांनाच विचारलं. सगळे नाही म्हणाले.”

हा पुरावा नव्हे. ‘तुम्ही भेदभाव करता का?’ असं तोंडावर विचारल्यावर ‘हो, करतो’ असं कोण सांगेल? विचारणारा हातात कागद घेऊन आलेला, सोबत आशाताई उभी, ओसरीवर घरातली चार माणसं बसलेली. अशा वेळी माणूस योग्य वाटेल तेच उत्तर देतो, मग तो वारली पाड्यावरचा असो की दादरच्या सोसायटीतला. सर्वेक्षण करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही दर वेळी तोच प्रश्न तसाच विचारला जातो आणि आलेला नकार आनंदानं अहवालात चढतो, याचा मनापासून राग येतो. कारण त्या नकाराच्या भरवशावर पुढचं काम थांबतं.

कलंक मोजायची रीत वेगळी आहे, आणि तिचा उगम लांबचा नाही. १९९२ साली मिचेल वाइस, मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डुंगाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या कुष्ठरुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराकडे माणूस स्वतः कसं बघतो, त्याचा अर्थ काय लावतो, हे समजून घेणारी मुलाखतीची पद्धत त्यात मांडली होती. तिचं नाव ‘एमिक’. पुढे तिच्यातूनच समाजाच्या मनातला कलंक मोजणारी पंधरा प्रश्नांची पट्टी तयार झाली आणि जगभर वापरली गेली. ‘ही परदेशी प्रश्नावली आपल्या लोकांना कशी लागू पडणार’ ही शंका अनेकदा येते, म्हणून हा इतिहास सांगितला.

या पट्टीची खुबी अशी की ती समोरच्याला स्वतःच्या वागण्याबद्दल विचारत नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल विचारते. तुमच्या पाड्यावर कुणाला हा आजार झाला तर तो लपवून ठेवेल का? त्याच्या घरच्यांना लाज वाटेल का? लोक त्याच्या घरी जाणं टाळतील का? त्याच्याकडून खाण्याची वस्तू विकत घेणं टाळतील का? त्याला काम मिळायला अडचण येईल का? त्याच्या बहिणीची सोयरीक जुळायला अडचण येईल का? ‘हो’ला दोन गुण, ‘कदाचित’ला एक, ‘नाही’ला शून्य. सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त तीस. स्वतःवर आळ येत नसल्यानं माणूस मोकळं बोलतो, आणि इतरांबद्दल बोलताना गावाची रीतही सांगून जातो.

दुसरी पट्टी सामाजिक अंतराची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमोरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये वंशभेद मोजण्यासाठी अशी पट्टी मांडली. आता आजारांसाठी तिचं जे रूप वापरतात, त्यात आधी एका माणसाची छोटीशी हकिगत सांगतात: अमक्या वयाचा, अमकं काम करणारा, अंगावर सुन्न चट्टा असलेला. मग विचारतात, याला भाड्यानं खोली द्याल का, शेजारी म्हणून चालेल का, बरोबर कामाला घ्याल का, याच्याकडे मूल सांभाळायला ठेवाल का, घरातल्या मुलीचं याच्याशी लग्न लावाल का. शेजारापर्यंत बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. मुलापाशी सूर बदलतो आणि लग्नापाशी ‘हो’ अडतो. भारतात आणि बाहेर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत लग्नाशी जोडलेल्या प्रश्नांवरच कलंक सर्वांत ठळक दिसला आहे. म्हणून नुसत्या बेरजेवर समाधान मानू नये. दोन गावांची बेरीज सारखी असेल, पण एकात कामधंद्याच्या प्रश्नांवर गुण जास्त असतील तर दुसऱ्यात सोयरिकीच्या, आणि दोन्हीकडे उपायही वेगळे लागतील.

डहाणू-तलासरीत या मोजणीची खास पथ्यं आहेत. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, मासेमारीच्या बोटींवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत गेलेली असतात. जानेवारीत सर्वेक्षण केलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच हाती लागतात. प्रमाण मराठीत छापलेला प्रश्न वारली बोलणाऱ्या आजीला वाचून दाखवून भागत नाही, आणि तलासरीच्या सीमेवर गुजरातीही कानात बसलेली असते. प्रश्न आधी मोजक्या लोकांना विचारून, त्यांना तो कसा कळला हे त्यांच्याच शब्दांत ऐकून, मग पक्का करावा लागतो. पाड्यावरच्याच ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायला बसवलं तर बाई त्याच्यासमोर सोयरिकीचं खरं बोलणार नाही.

आता दुसरा गैरसमज, जो पहिल्याच्या अगदी उलट आहे आणि तितकाच चुकीचा: कलंक हा जंगलातल्या अडाणीपणाचा भाग, शाळा आल्या की जाईल. तलासरीत दहापैकी नऊ माणसं आदिवासी आहेत, म्हणून हे बोट नेमकं त्यांच्याकडे वळतं. पण कुष्ठरुग्णांना वेगळं डांबायची मुभा देणारा १८९८ चा लेपर्स ॲक्ट कुठल्या पाड्यावर लिहिला गेला नव्हता. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यासह अनेक कायद्यांत होतं, ते २०१९ मध्ये काढलं गेलं. त्याआधी किती तरी वर्षं हा आजार औषधांनी पुरता बरा होत होता आणि कायदे बदलू शकणाऱ्यांना ते माहीत होतं. माहिती वाढली म्हणजे वागणूक आपोआप बदलते हे गृहीत धरू नका. जंतूचं नाव अचूक सांगणारा माणूसही सोयरीक मोडतो. म्हणून मोजणी फक्त पाड्यावर करून थांबू नये. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीचे मालक, दुकानदार, शिक्षक आणि दवाखान्यातले कर्मचारी यांनाही तेच पंधरा प्रश्न विचारावेत. काम, उधारी आणि उपचार ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्या मनातला कलंक जास्त महाग पडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

कुष्ठरोग संपला: २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, एवढाच त्या घोषणेचा अर्थ होता. पालघर आजही राज्यातल्या जास्त रुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत मोडतो.

हात लावला की होतो: जवळपास ९५ टक्के लोकांत या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि उपचार सुरू झाले की रुग्णाकडून लागण होत नाही.

आईबापांकडून येतो: जंतूमुळे होतो. हॅन्सन यांनी १८७३ मध्येच तो शोधला.

उपचार आयुष्यभर: बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

कलंक फक्त आजाराचा असतो: याच पट्ट्यात एखाद्या बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवून वाळीत टाकलं जातं. तिच्या अंगावर चट्टा नसतो. असे आरोप रोखण्यासाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण पाड्यावरची भीती कायद्याच्या कलमात मोजता येत नाही. तिथेही शेजाऱ्यांबद्दलचेच प्रश्न उपयोगी पडतील.

‘मोजून काय मिळणार?’ हा प्रश्न रागानं विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस देण्याची व्यवस्था आहे. त्यासाठी शेजारपाजाऱ्यांची यादी हवी, आणि यादी म्हणजे ‘मला हा आजार आहे’ हे शेजाऱ्यांना कळण्याचा धोका. ज्या पाड्यावर लपवण्याच्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात, तिथे रुग्ण नावं देणार नाही किंवा निम्मीच देईल. तिथे फक्त घरातल्यांना डोस द्यायचा की आजाराचं नाव न घेता साऱ्या पाड्याला, हे ठरवायला पट्टीचा आकडा लागतो. आजार लपवण्यात उपचारांना उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, डोळ्यांच्या पापण्या मिटत नाहीत. ती हानी औषधानं भरून येत नाही.

कलंक कमी करता येतो का, याचंही उत्तर मोजणीतूनच मिळालेलं आहे: येतो. इंडोनेशियातल्या चिरबॉन जिल्ह्यात २०१० नंतरच्या काही वर्षांत समुपदेशन, कर्जाला जोडून रोजगार आणि रुग्ण व गावकरी यांच्या थेट भेटीगाठी हे तीन उपाय करून पाहिले गेले, आणि आधी व नंतर याच पट्ट्यांनी मोजणी झाली. डहाणूत असं काही करायचं ठरलं तर पहिली मोजणी भात लावून झाल्यावर, माणसं घरी असताना व्हावी. दुसरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी घ्यावी. काही पाडे उपायाविना तुलनेसाठी ठेवावेत, आणि त्यांच्याकडे उपाय नंतर नक्की पोचवावा. आलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कुणाचंही नाव न घेता.